कळल्यावर

फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आलं तर ते घरात नेत नसत. पोस्टमन ते ओट्याच्या कडेला ठेवायचा आणि एरवीसारखी हाळी न घालता पुढच्या घराकडे वळायचा. घरातलं जाणतं माणूस बाहेर येऊन उभ्यानेच कार्ड वाचायचं आणि वाचून झालं की तिथल्या तिथे फाडून टाकायचं. मग आत आवाज जायचा, "अमक्यांचं आलंय. आंघोळी करायच्यात." रडणं, आठवणी, कसं झालं आणि कधी झालं, हे सगळं नंतर. आधी अंगावर पाणी.

कार्ड हातात घेण्यापूर्वीच बातमी कशी आहे ते कळावं, अशी ही सोय होती. लग्नमुंजीच्या, बारशाच्या पत्राला माथ्यावर 'श्री' आणि चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं. दुःखाच्या पत्राला 'श्री' नाही, कुंकू नाही आणि एक कोपरा फाडलेला. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही एवढं वाचता यायचं. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला, आणि त्याची किंमत होती पाव आणा, म्हणजे एक पैसा. सरकारने छापलेल्या त्या तुकड्याला आपल्या माणसांनी किती लवकर आपलं वळण लावलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

माझी आजी वाईची, मधल्या आळीतली. तिच्या लहानपणीचं वाई म्हणजे कृष्णेच्या काठचे सात घाट आणि त्यांना धरून वसलेल्या आळ्या. वाईला आगगाडी नव्हती. ती वाठारला थांबायची आणि टपाल तिथून रस्त्याने यायचं. गावातलं मात्र कुणालाही काही लिहून कळवावं लागत नसे. सकाळी घाटावर धुणं आपटता आपटता, कळशी भरता भरता, कुणाच्या घरी रात्रभर दिवा होता, कुणाची सून माहेराहून आली, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलाला सांगून आलेलं स्थळ मोडलं, हे सगळं उन्हं वर यायच्या आत आळीभर झालेलं असायचं. लग्नाची पहिली अक्षत ढोल्या गणपतीला. रास्त्यांनी १७६२ साली घाटावर बांधलेलं ते देऊळ. गणपतीला कळलं की मग घरोघर अक्षत फिरायची आणि उंबऱ्याशी शब्द यायचे, "सहकुटुंब, सहपरिवार यायचं."

आजीकडून ऐकलेलं हे सगळं मनात घोळवताना मला एका गोष्टीने धरून ठेवलं आहे. त्या काळातली घरगुती बातमी नुसती ऐकून सोडून देता येत नसे. ऐकणाऱ्याच्या मागे काहीतरी काम लागायचंच. माणूस गेल्याचं कळलं की स्नान. शेजारी गेला असेल तर त्या घरी चूल पेटणार नाही, म्हणून आपल्या चुलीवर त्यांचा पिठलंभात. बाळंतीण सुटल्याचं कळलं की बाळंतविड्याची तयारी, म्हणजे जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, टोपडं, डिंक, खोबरं, खारीक. बारशाला गेलं की ओटीत घुगऱ्या. आजारीपण कळलं तर कुणीतरी वैद्याकडे, कुणीतरी रात्री जागायला. सूनबाईला दिवस गेल्याचं कुजबुजत कळलं, तर त्याच दिवशी लोणच्याची वाटी शेजारून यायची आणि वर तोंडाने कुणी काहीच बोलायचं नाही. बातमी आली ती कामं घेऊनच, आणि कुणाच्या वाट्याला काय हे आळीला पाठ होतं.

या रिवाजामागे किती बारीक हिशेब होता, ते मला पंचांगाच्या शेवटच्या पानांवर दिसलं. सुतकाचे नियम तिथे अजून छापतात. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली 'धर्मसिंधु' लिहिला, त्यातही ते आहेत. भाऊबंद गेल्याचं दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस सुतक. दहा दिवस उलटल्यावर पण तीन महिन्यांच्या आत कळलं तर तीन दिवस. सहा महिन्यांच्या आत कळलं तर दीड दिवस, नऊ महिन्यांच्या आत तर एक दिवस, आणि त्याहूनही उशिरा कळलं तर नुसतं स्नान. आईबाप गेले असतील तर मात्र मुलाला कधीही कळो, त्या दिवसापासून पुरे दहा दिवस. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आईबापांचं सुतक तीन दिवसांचं.

शुद्धाशुद्धीच्या कल्पना आज कुणाला पटोत न पटोत, माझं लक्ष दुसरीकडे जातं. वाटेत नद्या आहेत, घाट आहेत, पावसाळ्यात उतार बंद होतो, माणूस काशीला गेला तर वर्षवर्ष पत्ता लागत नाही, हे सगळं ठाऊक असलेल्या समाजाने हा नियम केला आहे. बातमीला उशीर होणार हे त्याने धरूनच चाललं. आणि उशीर झाला म्हणून कर्तव्य संपलं असं न म्हणता, किती उशिरा कळलं तर किती करायचं, हे मापून ठेवलं. गेलेल्या माणसाचे दिवस गावात केव्हाच उरकले असतील, पण शंभर कोस दूर असलेल्या चुलत्याला सहा महिन्यांनी कळलं तरी त्याच्याही घरात ते दुःख एखादा दिवस राहून जाईल. मुलीच्या वाट्याला तीनच दिवस यावेत, हे मात्र मला कधी पटलं नाही. आजीलाही पटलेलं नव्हतं. तिची आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी ती डोकं धुऊन सासरच्या स्वयंपाकाला उभी राहिली. हे सांगताना तिचा आवाज म्हातारपणीही बदलायचा.

सासरी गेलेल्या मुलीची बातमी हा तर वेगळाच प्रकार. आठ-नऊ-दहा वर्षांच्या मुली लग्न होऊन जायच्या. लिहिता येत नसे, आणि आलं तरी पत्र सासऱ्यांच्या हातून जाणार. त्यात ती लिहिणार काय? "सर्व खुशाल आहे." पण कासार फिरायचा. पाठीवर बांगड्यांचं ओझं घेऊन तो गावोगाव, वाड्यावाड्यांत जायचा, आणि सुनेचा हात धरून तिच्या शेजारी बसायची मुभा असलेला तो एकमेव परका पुरुष. आजीची मोठी बहीण भुईंजकडे दिली होती. आजीच्या आईने कासाराला कधी "ती सुखात आहे का" असं विचारलं नाही. ती विचारायची, "आता तिला कुठलं माप बसतं?" कासाराला प्रत्येक हाताचं माप पाठ. एकदा तो म्हणाला, "गेल्या खेपेचं माप आता सैल होतंय, आई." झालं. पोर वाळली आहे, हे आईला कळलं. आठ दिवसांत भाऊ बैलगाडी जुंपून मूळ म्हणून, म्हणजे तिला माहेरी आणायला गेला, नागपंचमीचं निमित्त काढलं आणि बहिणीला दीड महिना माहेरी ठेवून घेतलं. सासरच्यांना काही म्हणायची सोय नव्हती, कारण तक्रार कुणी केलीच नव्हती.

मला या गोष्टीत आईची हुशारी जितकी दिसते तितकाच कासाराचा चांगुलपणा दिसतो. तो "होय, होय, बरी आहे" म्हणून मोकळा होऊ शकला असता. त्याचा धंदा दोन्ही घरांशी होता. तो जे बोलला ते आणि तेवढंच बोलला. नेमकं किती सांगायचं याचं भान असलेली अशी माणसं गावात होती म्हणून कितीतरी पोरी जगल्या. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

लिहिलेलं जे आहे, ते आजीच्या तारेत होतं. जुन्या घरात दाराजवळ खुंटीला एक जाड तार टांगलेली असायची, खाली वाकवलेली, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत ओवायचं. आजीच्या घरची अशी एक तार माझ्याकडे आली. खालची पत्रं पिवळी पडलेली, प्रत्येकाच्या मधोमध गंजाचं तपकिरी भोक, आणि ते भोक नेमकं एखाद्या शब्दावर पडलेलं. एक कार्ड आहे, त्यात अंगठ्याएवढी जागा कोरी सोडलेली नाही. मजकूर संपल्यावर समासात उभं लिहिलंय, तेही भरल्यावर पत्त्याच्या बाजूला उलटं. त्यात काय आहे? साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पाऊस बेताचा. तांबड्या गाईला गोऱ्हा झाला. चि. बाळूचा ताप उतरला, काढा चालू आहे. सौ. वन्सं आता पुढच्या महिन्यात मोकळ्या होतील. शेजारच्या काकूंनी आंब्याची साठं तुमच्यासाठी ठेवली आहेत, कुणी येणारं असेल तर कळवणे. ता. क. बाळूने स्वतः पाटीवर 'ग' काढला. एका पैशात एवढं सगळं. ज्याला हे पत्र गेलं त्याने त्या ओळींतून आपलं घर पुन्हा उभं केलं असणार, गोठ्यासकट.

सातारा जिल्ह्यातले, कोकणातले कितीतरी बाप्ये मुंबईच्या गिरण्यांत होते. १८८० पासून टपालखात्याने मनिऑर्डरी सुरू केल्या, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. पैसे मोजून झाल्यावर पोस्टमनच त्या ओळी वाचून दाखवायचा. बायको पदर पुढे ओढून दाराआड उभी, सासू समोर बसलेली, आणि नवऱ्याचा निरोप पोस्टमनच्या तोंडून. खाजगी असं काही त्यात येणं शक्यच नव्हतं. तरीही लिहिणारे काहीतरी बसवायचे. "धाकटीच्या औषधाला त्यातून घेणे" एवढ्या शब्दांतून बायकोला कळायचं की मागच्या खेपेचा आपला निरोप पोचला आणि तो लक्षात ठेवला गेला.

वर्तमानपत्रं होती. वाईत 'मोदवृत्त' निघायचं, इस्लामपुरात 'प्रतोद'. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्याच वर्षी या दोन लहान गावांतल्या पत्रांवरही खटले झाले. एवढ्याशा गावातून छापलेल्या कागदाची सरकारला दखल घ्यावी लागली, ही मराठी मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पण बाळूचा ताप उतरल्याचं त्यांत कुणी शोधलं नसतं.

त्याच सुमाराला प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि मग गावोगाव. तेव्हाची शेजारची सगळ्यात भयंकर बातमी दोन शब्दांची होती : उंदीर पडला. ती ऐकली की आळी उठायची. भांडीकुंडी, दळण, देव्हारा, म्हातारी माणसं, सगळं गाडीत घालून गावाबाहेर मळ्यात झोपड्यांत राहायला. आणि याच काळात लोक बातमी दडवायलाही शिकले. घरात कुणाला गाठ आली की तपासणीवाले येऊन माणसाला उचलून नेतील, घर उघडं टाकतील, सामान जाळतील, या भीतीने आजारी माणसाला माळ्यावर, कणगीआड लपवलं जायचं. आजीच्या वडिलांनी सांगितलेलं असं की त्या दिवसांत शेजारी एकमेकांकडे मीठ मागायलाही जात नसत. गेलं तर काहीतरी दिसेल, आणि दिसलं तर काय करायचं? ज्या गावात कळणं म्हणजे धावून जाणं होतं तिथे कळणंच नकोसं व्हावं, हे त्या साथीने केलं. मला ते मरणांच्या आकड्यांहून जास्त लागतं.

आणि साथ नसतानाही हे कळणं आणि करणं सगळ्यांना सारखं नव्हतं. त्याबद्दल न बोलता जुन्या गावाचं कौतुक करून थांबणं मला जमणार नाही.

आलवण नेसलेली विधवा बाई घ्या. दुःखाच्या घरात तिला पहिलं बोलावणं. रात्र जागवायला ती, बाळंतिणीच्या कळा सुरू झाल्या की शेगडी पेटवायला ती, लग्नघरी पहाटेपासून पुरणाला हात तिचा. पण हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढे जायचं आणि वरातीच्या वेळी ती मागच्या खोलीत. आळीतल्या प्रत्येक घराचं तिला ठाऊक, आणि आनंदाच्या घरात उभं राहायचा हक्क तिला नाही. आजीची एक आत्या अशी होती. चौदाव्या वर्षापासून. तिच्या हातचं मेतकूट आळीभर जायचं.

आणि गावाबाहेर राहणारा तो माणूस. मयताची बातमी परगावच्या सोयऱ्यांना पोचवायचं काम महाराच्या वतनात होतं. रात्र असो, पाऊस असो, सांगावा घेऊन कोसन् कोस चालत जायचं. पोचला की अंगणाच्या टोकाशी उभं राहून हाक द्यायची आणि तिथूनच सांगायचं. सांगून झालं की वरून टाकलेली भाकर घ्यायची आणि पुढचं गाव धरायचं. त्याने आणलेल्या बातमीसाठी त्या घरातले सगळे अंघोळ करायचे. त्याच्या स्वतःच्या घरात कुणी गेलं, तर गावातल्या एकाही घरात पाणी तापत नसे. पाणवठ्यावर बातम्या व्हायच्या म्हणताना हेही सांगितलं पाहिजे की पाणवठाच त्याला बंद होता. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं ते २० मार्च १९२७ ला. या वतनाच्या राबणुकीविरुद्ध त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं १९२८ साली. कायद्याने ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यानंतर. तीस वर्षं. तेवढ्या वर्षांत किती पावसाळे, किती रात्रीचे सांगावे, आणि किती जणांच्या घरच्या बातम्या कुणालाच न कळता राहिल्या.

जुन्या गावाकडून घ्यायचं तर मला आळीतली ती सवय हवी आहे, बातमीमागे काम लावून घेण्याची. तिची हद्द नको आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीत पहाटे एक गृहस्थ गेले. फोनवरच्या गटात बातमी आली, खाली जोडलेल्या हातांच्या रांगा लागल्या. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या त्यांच्या पुतण्याला त्याच मिनिटाला कळलं, आणि सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा हे हजार पटीने बरं. दुसऱ्या मजल्यावरच्या सरदेसाईवहिनींनी मला हाक मारली आणि जिन्यातच आम्ही ठरवलं : आज त्यांच्याकडून पिठलंभात, उद्या माझ्याकडून मुगाची खिचडी आणि ताक, परवा समोरच्या डिसोझाबाई. त्यांनी स्वतः मागून घेतलं. तीन दिवस त्या घरातल्या कुणाला ओट्यापाशी उभं राहावं लागलं नाही.

अँब्युलन्सला फाटक उघडणारे, वर कुणाला सांगायचं ते सांगणारे, भटजींना मजला दाखवणारे आमचे वॉचमनकाका. इमारतीतली प्रत्येक बातमी आधी त्यांच्या हातून जाते. गटात ते नाहीत. डबा देऊन खाली आले तेव्हा मी त्यांना विचारलं, घरी सगळं बरं ना? तर म्हणाले, "थोरलीला मुलगी झाली ताई, बारा दिवस झाले. बारसं पुढच्या रविवारी धरलंय. सुट्टी मिळाली तर जाईन." गाव बीड जिल्ह्यात, गेवराईपासून पुढे.

वहिनींना लगेच सांगितलं. त्यांच्याकडे मऊ सुती साड्या आहेत, त्यांची चार दुपटी होतील. डिंक आणि खारीक मी आज मंडईतून आणते आहे. सुट्टीचं चेअरमनांशी बोलणं झालं, शनिवारपासून तीन दिवस दुसरा माणूस येईल. काका रात्रीच्या गाडीने निघणार आहेत, तेव्हा लाडू शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वळून व्हायला हवेत. डिसोझाबाईंनी टोपडं विणायला घेतलं आहे आणि मुलीचं नाव काय ठेवणार म्हणून दोनदा विचारून झालं आहे.